शून्य कशाचे? डीबगरच्या चाचण्या आणि नाकारलेली परवानगी

बारावीच्या विद्यार्थ्यांना आम्ही मीटर ब्रिजचा प्रयोग देतो. एक मीटर लांबीची तार, एका बाजूला माहीत असलेला रोध, दुसऱ्या बाजूला शोधून काढायचा रोध आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर. जॉकी तारेवर ठिकठिकाणी टेकवीत जायचे आणि काटा जेथे शून्यावर येईल ती जागा टिपायची, एवढेच काम. दरवर्षी एक तरी विद्यार्थी पहिल्याच मिनिटाला ओरडतो, "सर, शून्य आले!" मी त्याला म्हणतो, "शाबास. आता जॉकी तारेच्या अगदी टोकाला टेकव." तेथेही शून्य. दुसऱ्या टोकाला? तेथेही शून्य. मग त्याचा चेहरा पडतो, कारण घटाची एक तार स्क्रूमधून निघालेली असते. परिपथात वीजच नाही, मग काटा हलणार कसा?

म्हणूनच या प्रयोगात पहिली सूचना अशी असते की, जॉकी आधी दोन्ही टोकांना टेकवून पाहा; काटा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गेला पाहिजे. तसे झाले तरच पुढे मिळणाऱ्या शून्याला अर्थ आहे. समतोलाचे शून्य वेगळे आणि तुटलेल्या तारेचे शून्य वेगळे. पण काट्याकडे नुसते पाहून हा फरक कळत नाही.

हा लेख मात्र विजेविषयी नाही, संगणकाविषयी आहे. तेथेही असे फसवे निकाल मिळतात, आणि त्यांत चांगले जाणते लोकही फसतात.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीचीच गोष्ट घ्या. तिने प्रकल्पासाठी एक छोटा डीबगर लिहिला होता आणि तो नीट चालतो की नाही हे आपोआप तपासणाऱ्या काही चाचण्याही लिहिल्या होत्या. घरच्या संगणकावर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण. प्रयोगशाळेतील संगणकावर मात्र त्यांतील काही नेमाने अनुत्तीर्ण. तिने चार दिवस स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक नव्हतीच, त्यामुळे सापडली नाही. पण या खटाटोपात बरोबर असलेल्या तीन गोष्टी तिने बिघडवून ठेवल्या. शेवटी माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "सर, माझा डीबगर घरी शहाणा असतो आणि कॉलेजात वेडा होतो."

वेडा कोणीच झाला नव्हता. प्रयोगशाळेतील संगणकाने त्या डीबगरला त्याचे काम करू दिले नव्हते, इतकेच.

हे समजण्यासाठी डीबगर काय करतो ते आधी पाहू. प्रोग्रॅममधील चुकीला बग म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. ही चूक शोधायची तर चालता प्रोग्रॅम हव्या त्या जागी थांबवून त्याच्या पोटात डोकावता आले पाहिजे: या क्षणी या चलाची किंमत किती आहे, पुढची आज्ञा कोणती आहे, वगैरे. हे काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे डीबगर. लिनक्सवर जीडीबी नावाचा डीबगर फार प्रसिद्ध आहे. त्याची सुरुवात रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली केली. एस्-ट्रेस हे त्याच जातीचे दुसरे साधन. एखादा प्रोग्रॅम कार्यप्रणालीकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे, काय काय मागतो त्याची ते यादी करून देते.

चालता प्रोग्रॅम हव्या त्या जागी थांबवायचा कसा? युक्ती मोठी मजेदार आहे. आपल्या नेहमीच्या इंटेल जातीच्या प्रोसेसरवर डीबगर त्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जातो, जेथे थांबायचे तेथील आज्ञेचा पहिला बाइट काढून स्वतःजवळ ठेवतो आणि त्या जागी २०४ हा आकडा लिहितो. प्रोसेसरला २०४ दिसले की तो काम थांबवून कार्यप्रणालीला वर्दी देतो, आणि कार्यप्रणाली डीबगरला कळवते. पाहणी झाली की डीबगर मूळ बाइट परत जागेवर ठेवतो. पुस्तकातील एखाद्या शब्दावर कागदाचा कपटा चिकटवून त्यावर 'येथे थांबा' असे लिहावे, तसा हा प्रकार.

आता जरा विचार करा. दुसऱ्याची मेमरी वाचणे आणि वर तीत लिहिणे हे काही साधे सामर्थ्य नव्हे. एरवी एका प्रोसेसला, म्हणजे एका चालत्या प्रोग्रॅमला, दुसऱ्याच्या मेमरीत हात घालता येऊ नये म्हणून कार्यप्रणाली भिंती बांधते. डीबगरसाठी या भिंतीत एक दार मुद्दाम ठेवलेले आहे. युनिक्स घराण्यातील कार्यप्रणालींत त्या दाराचे नाव पीट्रेस. डीबगर कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, पीट्रेसमार्फत विनंती करतो की मला अमुक क्रमांकाच्या प्रोसेसला जोडून दे. कर्नल नियम पाहतो आणि होकार किंवा नकार देतो.

लिनक्सवरचा जुना नियम सुटसुटीत होता. दोन्ही प्रोसेस एकाच वापरकर्त्याच्या असतील तर सर्वसाधारणपणे होकार. तुमचे प्रोग्रॅम तुम्ही पाहा, शेजाऱ्याचे पाहू नका. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, कोणाचेही पाहू शकतो.

पण या नियमात एक भोक होते. समजा, तुमच्या संगणकावर गप्पा मारण्याचा एक प्रोग्रॅम चालू आहे, आणि शेजारीच ब्राउझर चालू आहे, ज्याच्या मेमरीत तुमचे पासवर्ड आहेत. दोन्ही तुमचेच. गप्पांच्या प्रोग्रॅममधील एखाद्या चुकीचा फायदा घेऊन बाहेरच्या कोणी त्याचा ताबा मिळवला, तर पीट्रेसच्या दारातून तो सरळ ब्राउझरच्या मेमरीत शिरू शकतो. वापरकर्ता एकच, तेव्हा जुना नियम त्याला अडवत नाही. घराच्या पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि आतल्या सगळ्या खोल्या सताड उघड्या, असे ते घर.

म्हणून उबंटू या लिनक्सच्या वितरणाने २०१० साली हा नियम आवळला, आणि २०१२ साली लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत यामा नावाचा सुरक्षा-विभाग कर्नलमध्येच दाखल झाला. (हे नाव वाचून आपल्याला यमाची आठवण होणारच. दारावर उभा राहून हिशोब पाहणारा म्हणून ते शोभतेही!) यामाचे वागणे एका आकड्यावर ठरते, आणि त्या आकड्याला पीट्रेस-स्कोप म्हणतात. ० असेल तर जुनाच नियम. १ असेल तर प्रोसेसने फक्त स्वतःच्या वंशजांनाच जोडून घ्यावे: जो प्रोग्रॅम आपण सुरू केला तो आपले अपत्य, त्याने सुरू केलेला तो नातू, वगैरे. २ असेल तर खास अधिकार असलेल्यांनाच प्रवेश. आणि ३ असेल तर कोणालाही नाही; शिवाय एकदा ३ केले की संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत तो आकडा बदलताही येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत हा आकडा १ होता. विद्यार्थिनीने मात्र कोठेतरी वाचलेल्या सूचनेप्रमाणे घरच्या संगणकावर तो कधीकाळी ० करून ठेवला होता आणि ती ते विसरूनही गेली होती.

तरी एक कोडे उरतेच. आकडा १ असताना सगळ्याच चाचण्या का बरे पडल्या नाहीत? काहीच का पडल्या? याचे उत्तर वंशावळीत आहे, आणि हीच या सगळ्या प्रकरणातील खरी गंमत आहे.

डीबगर दोन तऱ्हांनी काम करतो. एक तर तो तपासायचा प्रोग्रॅम स्वतःच सुरू करतो. तेव्हा तो प्रोग्रॅम त्याचे अपत्य असतो, आणि आकडा १ असला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या तऱ्हेत प्रोग्रॅम आधीपासूनच चालू असतो आणि डीबगर मागाहून येऊन त्याला जोडून घेतो. अनेक दिवस चालू असलेला प्रोग्रॅम मध्येच अडकून बसला तर ही दुसरी तऱ्हाच उपयोगी पडते. तो बंद करून पुन्हा सुरू करावा, तर ज्या स्थितीत तो अडकला होता ती स्थितीच नाहीशी होते.

या दुसऱ्या तऱ्हेची चाचणी कशी लिहितात? चाचण्या चालवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला आपण चाचणीचालक म्हणू. चाचणीचालक आधी एक नमुन्याचा प्रोग्रॅम सुरू करतो. मग तोच डीबगर सुरू करतो आणि त्याला सांगतो, "त्या नमुन्याला जोडून घे." वहीत वंशावळ काढून पाहा. वर चाचणीचालक, त्याच्याखाली दोन अपत्ये, नमुना आणि डीबगर. डीबगर हा नमुन्याचा पालक नाही, ती दोघे भावंडे आहेत! यामा म्हणतो, भावंडाच्या मेमरीत हात घालायचा नाही. कर्नल पीट्रेसला नकार देतो आणि त्रुटी-क्रमांक १ परत करतो. त्याचा अर्थ एवढाच: ही कृती करण्याची परवानगी नाही.

विद्यार्थिनीच्या चाचणीला मात्र फक्त दोनच शब्द येत होते, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण. जोडणी झाली नाही, म्हणून अनुत्तीर्ण. घटाची तार निघालेली असताना रोध शून्य आहे असे वहीत लिहून टाकावे, तसेच हे झाले.

मग करावे काय? येथे दोन सोपे आणि चुकीचे उपाय चटकन सुचतात. ते आधी सांगून टाकतो, कारण वापरले तेच जास्त जातात.

पहिला उपाय: चाचण्या रूट म्हणून चालवाव्यात. रूटला यामा अडवत नाही (आकडा ३ असेल तर गोष्ट वेगळी), तेव्हा सगळे काही उत्तीर्ण होईल. पण तुमचा डीबगर वापरणारा माणूस रूट नसतो. रूटच्या हातात साधन बरे चालले, याचा अर्थ ते साध्या वापरकर्त्याच्या हातात बरे चालेल असा होत नाही. शिवाय चाचणीतच एखादी चूक असली, आणि तिने भलत्याच क्रमांकाच्या प्रोसेसला जोडून घेऊन तिच्यात २०४ लिहून टाकले, तर साधा वापरकर्ता फार तर स्वतःचे नुकसान करील. रूट अख्खा संगणक झोपवील. सर्व संगणकासाठीच तो आकडा ० करणे हाही याच माळेचा मणी. चार चाचण्यांसाठी घरातल्या सगळ्या खोल्या उघड्या टाकायच्या काय?

दुसरा उपाय जास्त घातक आहे. जोडणी झाली नाही तर चाचणीने गुपचूप परत फिरावे आणि उत्तीर्ण म्हणून नोंद करावी. अहवाल हिरवागार दिसतो, सगळे खूश. आणि समजा, उद्या डीबगरच्या जोडणीच्या भागात खरोखरच चूक शिरली तर? त्या संगणकावर ती चाचणी कधी झालेलीच नाही, तेव्हा अहवाल हिरवाच राहील. अनुत्तीर्ण चाचणी निदान कोणाला तरी शोध घ्यायला लावते. खोटे उत्तीर्ण कोणालाच उठवत नाही, म्हणून मी त्याला अधिक वाईट मानतो.

आता योग्य उपाय. आपली चाचणी मुळात अशी बांधता येईल का की परवानगी न्याय्य मार्गानेच मिळावी? येते. यामाने त्यासाठी सोय ठेवलेली आहे. कोणतीही प्रोसेस स्वतः होऊन कर्नलला सांगू शकते, "अमुक क्रमांकाच्या प्रोसेसला मला जोडून घेऊ द्या", किंवा "कोणालाही जोडून घेऊ द्या". फायरफॉक्स आणि क्रोमियम हे ब्राउझर कोसळले तर त्यांची तपासणी करणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमला आत घेण्यासाठी हीच सोय वापरली जाते. तेव्हा आपल्या नमुन्याच्या प्रोग्रॅमने सुरू होताच ही घोषणा करावी, म्हणजे भावंड असूनही डीबगरला प्रवेश मिळेल. दार उघडले ते त्या एका चिमुकल्या नमुन्यापुरते. बाकीच्या संगणकावरील कुलपे जशीच्या तशी.

यात एक मेख आहे. नमुना आणि डीबगर स्वतंत्रपणे पळत असतात. नमुन्याने घोषणा करण्यापूर्वीच डीबगर दारात येऊन उभा राहिला तर नकार ठरलेला! मग ती चाचणी कधी पास, कधी नापास असे नखरे करू लागते. पुष्कळ जण येथे 'एक सेकंद थांबा' अशी आज्ञा घालतात. ते बरोबर नाही. संगणकावर कामाचा बोजा असला तर एक सेकंदही अपुरा पडतो, आणि नसला तर तो फुकट जातो. त्यापेक्षा नमुन्याने घोषणा झाल्यावर चाचणीचालकाकडे एका नळीतून, म्हणजे पाइपमधून, एक बाइट पाठवावा: मी तयार आहे. चाचणीचालकाने तो हाती आल्यावरच डीबगर सुरू करावा. धावण्याच्या शर्यतीत आपण अंदाजाने पळत सुटत नाही, शिट्टी वाजल्यावर पळतो ना?

पण पीट्रेस-स्कोप २ किंवा ३ असेल तर ही घोषणा निरुपयोगी आहे. शिवाय नकार देणारा यामा एकटाच नाही. सेलिनक्स नावाची दुसरी सुरक्षा-व्यवस्था पीट्रेस नाकारू शकते. नमुन्यानेच स्वतःला अपारदर्शक करून घेतले असेल तर नकार मिळतो. सुरक्षित संपर्कासाठी गुप्त किल्ल्या सांभाळणारा एस्-एस्-एच्-एजंट हा प्रोग्रॅम मुद्दाम असे करतो. आजकाल चाचण्या बहुधा डॉकरसारख्या डब्यांत चालवतात. लिनक्सच्या ४.८ या २०१६ सालच्या आवृत्तीपूर्वी पीट्रेसच्या आधाराने डब्याची एक आतली गाळणी चुकवता येत असे, म्हणून डॉकर त्या काळात पीट्रेस मुळातच बंद ठेवी. मॅक संगणकांवरही २०१५ पासून कार्यप्रणालीच्या स्वतःच्या संरक्षित प्रोसेसना डीबगर जोडता येत नाही. तेथे तर रूटलाही नकार मिळतो.

म्हणजे दारावर पहारेकरी अनेक. त्या प्रत्येकाचे नियम वाचून आपल्याला प्रवेश मिळेल की नाही हे ठरवणे अवघड, आणि नवा पहारेकरी आला की आपले गणित पुन्हा चुकणार. नुसता पीट्रेस-स्कोपचा आकडा वाचून निर्णय घेणारी चाचणी मी पाहिली आहे. आकडा ० होता आणि तरीही नकार मिळत होता, कारण ती डब्यात चालली होती. मग सरळ मार्ग कोणता? आत जाऊन पाहणे! मुख्य चाचण्यांच्या आधी एक अगदी छोटी पूर्वपरीक्षा घ्यावी: एक नमुना सुरू करा, त्याला पीट्रेसने जोडून पाहा, सोडून द्या. जमले तर परिपथात वीज आहे. मीटर ब्रिजच्या दोन टोकांना जॉकी टेकवण्याचा विधी तो हाच. जीडीबीच्या चाचणीसंचात चालत्या प्रोसेसला जोडून घेण्याच्या चाचण्या येथे घेता येतील काय हे ठरवणारे असे एक उपकार्य आहे. त्याचे उत्तर एकदा मिळाले की जपून ठेवले जाते, म्हणजे दर चाचणीला तोच प्रश्न विचारावा लागत नाही.

पूर्वपरीक्षेबाबत दोन सावधगिऱ्या हव्यात. तुमचा स्वतःचा डीबगर वापरूनच पूर्वपरीक्षा घेतली आणि त्या डीबगरमध्येच चूक असली, तर जोडणी जमणार नाही, तुम्ही म्हणाल 'येथे परवानगी नाही', आणि ज्या चुकीसाठी चाचणी लिहिली तीच चूक सुटून जाईल. मापनपट्टी तपासायला तीच पट्टी वापरण्यासारखे ते आहे. म्हणून पूर्वपरीक्षेचा प्रोग्रॅम वेगळा, दहापंधरा ओळींचा, ज्यात चूक व्हायला जागाच नाही असा असावा. ते शक्य नसेल, तर निदान डीबगरने दिलेला नेमका त्रुटी-क्रमांक तरी पाहावा.

त्रुटी-क्रमांक पाहणे ही दुसरी सावधगिरी. जोडणी न जमण्याची कारणे अनेक असतात. त्रुटी-क्रमांक ३ म्हणजे त्या क्रमांकाची प्रोसेसच अस्तित्वात नाही. चाचणीने चुकीचा क्रमांक दिला असेल किंवा नमुना आधीच मरून पडला असेल; हा परवानगीचा प्रश्न नव्हे, यावर चाचणी पडलीच पाहिजे. क्रमांक १ आला तर परवानगीचा विचार करायचा. आणि तेथेही एक गोम आहे. एका प्रोसेसला एका वेळी एकच तपासनीस जोडला जाऊ शकतो. दुसरा आला तर त्याला मिळणारा त्रुटी-क्रमांकही १ च! म्हणजे 'तुला अधिकार नाही' आणि 'आधीच कोणीतरी बसले आहे' या दोहोंना कर्नल एकाच शब्दात उत्तर देतो. फरक करायचा तर प्रॉक नावाच्या फाइलसंस्थेत त्या प्रोसेसची स्टेटस फाइल उघडावी. तीत ट्रेसर-पीआयडी अशी एक ओळ असते. तेथे ० असेल तर कोणी जोडलेले नाही. दुसरा आकडा असेल तर तो बसलेल्या तपासनिसाचा क्रमांक.

बरे, पूर्वपरीक्षेत नकारच मिळाला. आता नोंद काय करायची? उत्तीर्ण खोटे, अनुत्तीर्णही खोटे. तिसरा शब्द हवा. तो शब्द चाचण्यांचा विचार करणाऱ्यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवला आहे. जीडीबी ज्या डेजाग्नू या व्यवस्थेवर आपल्या चाचण्या चालवतो, तीत उत्तीर्ण व अनुत्तीर्ण यांखेरीज आणखीही निकाल आहेत: चाचणी घेतलीच नाही असा एक, येथे ती घेण्याची सोयच नाही असा दुसरा, आणि घेतली पण निष्कर्ष निघाला नाही असा तिसरा. ऑटोमेक या साधनात चाचणीने संपताना ० परत दिले तर उत्तीर्ण, ७७ दिले तर वगळली, ९९ दिले तर चाचणीची मांडणीच फसली, आणि इतर कोणताही आकडा दिला तर अनुत्तीर्ण. हा ७७ लक्षात ठेवा. वगळलेल्या चाचणीने आपले कारणही एका ओळीत लिहावे: पीट्रेसला नकार, त्रुटी-क्रमांक १, पीट्रेस-स्कोप १. नुसते 'वगळली' असे लिहिणे म्हणजे हजेरीपटावर कारणाशिवाय गैरहजर मांडण्यासारखे आहे.

आमच्या विद्यार्थिनीने हे सर्व केले. प्रयोगशाळेतील अहवाल आता असा दिसू लागला: उत्तीर्ण १९, अनुत्तीर्ण ०, वगळल्या ६. ती खूश झाली. मी मात्र तिला विचारले, "त्या सहा चाचण्या मग कोठे होतात?" ती गप्प झाली. घरच्या संगणकावर, हे उत्तर पुरेसे नव्हते. घरचा संगणक बिघडला किंवा त्यावर कार्यप्रणाली नव्याने टाकली, तर त्या सहा चाचण्या जगात कोठेच होणार नाहीत, आणि अनुत्तीर्णच्या पुढे ० च दिसत राहील. वगळणे ही सवलत आहे, आणि सवलतीचा हिशोब ठेवावा लागतो. निदान एक संगणक असा हवा, जेथे परवानगी मुद्दाम दिलेली आहे आणि जेथे ७७ हा निकाल अनुत्तीर्णच धरला जातो. त्या संगणकावर वगळण्याला मुभा नाही. आम्ही प्रयोगशाळेतील एक जुना संगणक त्यासाठी बाजूला काढला, त्यावर पीट्रेस-स्कोप ० केला आणि त्यावर कोणाचेही खासगी काम करायचे नाही अशी पाटी लावली. सहा चाचण्यांपैकी चार नमुन्याच्या घोषणेच्या युक्तीने सगळीकडेच चालू लागल्या. दोन चाचण्यांत मात्र नमुना बदलता येण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी तो जुना संगणक.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली ती मला फार आवडली. नकार ही केवळ अडचण नाही, तीही तपासण्यासारखी गोष्ट आहे. परवानगी नाही तेव्हा डीबगर कसा वागतो? तिचा डीबगर त्या वेळी काहीही न सांगता अडकून बसत असे, हे तिला तोवर कळलेलेच नव्हते. जीडीबी अशा वेळी पीट्रेस-स्कोपची फाइल पाहा, असे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगतो. तिने मग एक सातवी चाचणी लिहिली: घोषणा न करणारा नमुना घ्या, जोडणीचा प्रयत्न करा, नकार मिळालाच पाहिजे, डीबगरने कारण सांगून नीट बाहेर पडले पाहिजे, आणि नमुना पूर्वीसारखाच चालू राहिला पाहिजे. आता गंमत पाहा. ही चाचणी आकडा १ असलेल्या संगणकावर चालते. पाटी लावलेल्या त्या जुन्या संगणकावर तीच वगळावी लागते! म्हणजे 'येथे वगळण्याला मुभा नाही' हा नियमही सरसकट लावून भागत नाही. कोणती चाचणी कोठे झालीच पाहिजे याची यादीच तिला करावी लागली.

तुमच्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांना विचारून हे करून पाहा. प्रॉक फाइलसंस्थेत आधी सिस, मग कर्नल, मग यामा अशा पायऱ्या उतरून पीट्रेस-स्कोप ही फाइल उघडा आणि आकडा टिपून ठेवा. मग एका खिडकीत स्लीप हा प्रोग्रॅम तीनशे सेकंदांसाठी सुरू करा, दुसऱ्या खिडकीतून एस्-ट्रेसने त्याला जोडण्याचा प्रयत्न करा आणि काय उत्तर येते ते पाहा. नंतर तोच स्लीप एस्-ट्रेसच्याच हाताने सुरू करा. वंशावळीची आकृती दोन्ही वेळा काढा, म्हणजे उत्तरातील फरक का पडला ते कळेल.

आता शेवटचा भाग. एस्-ट्रेसने सुरू केलेला तो स्लीप चालू असतानाच शिक्षकांना रूट म्हणून दुसरा एस्-ट्रेस त्याच स्लीपला जोडायला सांगा. रूट असूनही नकार मिळेल, आणि त्रुटी-क्रमांकही १ च असेल. सर्वाधिकाऱ्याला कोणी अडवले? स्टेटस फाइलमधील ट्रेसर-पीआयडीची ओळ वाचा आणि तेथील आकडा कोणत्या प्रोसेसचा आहे ते शोधून काढा.